मुंबईच्या पोटात : लेखांक ६ – वरळीचे बेडूक आणि गोदीतलं खैराचं रान

मागच्या लेखांकात मॉलिब्डेनमचा विषय निघाला होता. जमिनीत खोलवर थिजलेल्या ग्रॅनाइटच्या माथ्याशी तापलेले द्रव भेगाभेगांत शिरतात आणि तिथे हा धातू मागे ठेवून जातात. म्हणून त्याच्या शोधात माणसं आडवाटेच्या डोंगरांत यंत्रं नेऊन शेकडो मीटर खोल बोअर मारतात. मुंबईत त्यासाठी कुणी येणार नाही. इथला कातळ प्रामुख्याने लाव्हाचा, बेसाल्टचा. त्यात असे साठे होत नाहीत. तरीही गिरगाव ते दादर या पट्ट्याखाली काय आहे हे आपल्याला बरंच ठाऊक आहे. ते कळलं गोद्या, गटारं, रेल्वे, खाणी आणि आता बोगदे खणणाऱ्यांमुळे. दगडाचा अभ्यास हा त्यातल्या बहुतेकांचा हेतूच नव्हता.

आधी जमिनीची ठेवण पाहू. पश्चिमेला मलबार हिलपासून वरळीपर्यंत टेकड्यांची एक ओळ. पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी, अँटॉप हिल अशी दुसरी. मधे भायखळा, लालबाग, परळ, दादरचा सखल भाग. इथले थर सपाट नाहीत, ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. मलबार हिल आणि वरळीच्या माथ्यावरचा बेसाल्ट टणक आहे, म्हणून तो टिकून राहिला. त्याच्याखालची राख आणि गाळाचे थर मऊ. ते झिजले आणि मधला खोलगट भाग तयार झाला. तिथे भरतीचं पाणी महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडीतून शिरत असे. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून ते अडवलं गेलं. याच खोलगट भागातल्या हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी का साचतं, याच्या उत्तराचा मोठा भाग या कललेल्या थरांत आहे. नाले, भराव, बांधकामं यांचा वाटा आहेच, पण पाण्याला खोलगट जागा आयती मिळते ती दगडामुळे.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती त्या मऊ थरांची. एक लाव्हा वाहून थंड झाला आणि दुसरा येण्याआधी मधे बराच काळ गेला. त्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती. तळाशी चिखल साचत गेला, त्याचा काळसर शेल झाला आणि वर पुन्हा लाव्हा पसरला. देशात इतरत्र असे थर बहुधा काही फुटांचे असतात. मुंबईत ते शंभर फुटांहूनही जाड आहेत.

त्या शेलमध्ये बेडूक सापडले. आपल्या रेल्वेच्या आरंभीच्या आखणीशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या जॉर्ज क्लार्क या इंजिनियरांनी हे जीवाश्म लंडनला कळवले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन करून ‘राना पुसिला’ असं नाव दिलं. डायनासोर हा शब्द जगाला देणारे ते हेच ओवेन. वरळीचा हा बेडूक अगदी चिमुकला, अंगठ्याच्या पेरावर बसेल एवढा. १९३० मध्ये नोबल या अभ्यासकांनी त्याला ‘इंडोबॅट्रॅकस’ या नव्या प्रजातीत बसवलं. त्याचं नातं आपल्या डबक्यांतल्या बेडकांपेक्षा ऑस्ट्रेलियातल्या एका कुळाशी जुळतं, असं मानणारे अभ्यासक आहेत. १८५२ मध्ये लष्करी डॉक्टर हेन्री कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूगर्भावर निबंध लिहिला. त्यात याच थरांतलं कासव आहे. ते डॉ. लीथ यांना मिळालं, म्हणून त्याला लीथचं नाव. इंजिनियर आणि डॉक्टर! पगारी भूवैज्ञानिक, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विन, यांचा या बेटावरचा अहवाल त्यानंतर, १८६६ चा.

हे थर सुमारे सव्वासहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. भारत आणि सेशेल्स बेटं एकमेकांपासून तुटली तीही याच सुमारास. त्या ताणाने पश्चिम किनाऱ्याची कड खाली वाकली आणि आपले थर समुद्राकडे कलले.

दुसरा शोध बेडकांपेक्षा कितीतरी अलीकडच्या काळातला. १८७० च्या दशकात माझगावजवळ प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चाललं होतं. चिखलाखाली झाडं लागली, एकूण ३८२. त्यांतली २२३ जागच्या जागी उभी, मुळं जमिनीत, १५९ आडवी. सगळी खैराची. गोदीचे इंजिनियर ऑर्मिस्टन यांनी ती मोजली आणि १८७८ मध्ये नोंद छापली. खैर खाऱ्या पाण्यात उगवत नाही. म्हणजे ओहोटीच्या पातळीखालची ही जमीन एके काळी कोरडी होती. ती खचली, की समुद्र वर चढला? दोन्ही बाजूंनी मांडणी झाली आहे. मला जमीन खचल्याची बाजू अधिक पटते, कारण हा किनारा मुळातच मोडलेला, कललेला आहे. ऑर्मिस्टन यांनी ‘झाडं लागली, काढून टाकली’ एवढ्यावर सोडलं असतं तर आज या वादाला आधारच उरला नसता.

आता बोगद्यांकडे. सागरी किनारा मार्गासाठी ‘मावळा’ हे १२.१९ मीटर व्यासाचं यंत्र गिरगाव चौपाटी आणि प्रियदर्शिनी पार्कच्या दरम्यान मलबार हिलखालून गेलं. मेट्रो ३ गिरगाव, वरळी, दादरच्या खालून गेली. अशा कामाआधी ठिकठिकाणी बोअर घेतात. वर आलेला दगडाचा दंडगोल, म्हणजे कोअर, खणांच्या लाकडी पेटीत खोलीच्या क्रमाने मांडतात. मग टेप लावून दहा सेंटिमीटरहून लांब तुकडे तेवढे मोजायचे. त्यांची एकूण लांबी बोअरच्या टप्प्याच्या किती टक्के भरते, यावर दगडाची प्रत ठरते. चांगला बेसाल्ट हातभर लांब, अखंड निघतो. राखेचा दगड आणि शेल तुकड्यातुकड्यांत येतो, पाणी लागलं की आणखी सुटतो. इंजिनियरच्या लेखी हा खराब खडक. बेडकांचा दगड नेमका हाच.

इमारती उभ्या राहिल्यामुळे वरळीचे जुने उघडे कडे आता जवळपास दिसत नाहीत. म्हणूनच या पेट्या काम संपल्यावर फेकल्या जाऊ नयेत. खोली आणि जागा लिहिलेल्या चिठ्ठ्यांसकट त्या मुंबईतल्या भूशास्त्र विभागांकडे सोपवाव्यात, अशी मागणी पालिका आणि मेट्रोकडे विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांनी आणि वाचकांनी आत्ताच करायला हवी.

(पुढील लेखांकात : कुर्ला आणि मालाडचा इमारती दगड)