दूरध्वनीच्या पेटीला पक्का पत्ता

तारेच्या दूरध्वनीत ग्राहकाची ओळख त्याच्या तारेवरून ठरत असे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे, वातानुकूलनाशिवाय चालणारे जे स्वयंचलित केंद्र विकसित केले आणि ज्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला सुरू झाले, त्यातही हिशेब एवढाच होता की केंद्रातल्या ठरावीक जागेवरून निघालेली तांब्याच्या तारांची जोडी ज्या घरात पोहोचली, त्या घराचा तो क्रमांक. आपल्या यंत्राला काही पत्ता द्यावा लागतो, हे ग्राहकाला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजाला अशी राखीव तार नसते. त्याचे तुकडे होतात, ते तुकडे इतर सगळ्या माहितीबरोबर एकाच वाटेने धावतात आणि प्रत्येक तुकड्यावर तो कोणाकडून निघाला व कोणाकडे जायचा, हे लिहिलेले असावे लागते.

नागपूर–अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) या आष्टी तालुक्यातील गावात एखाद्या कार्यालयाने, दवाखान्याने किंवा कृषी केंद्राने जुनी लँडलाइन सोडून इंटरनेटवरचा दूरध्वनी घ्यायचा ठरवला, तर टेबलावरचे जुने यंत्र फेकून द्यावे लागत नाही. ते व्हॉइस गेटवे नावाच्या लहानशा पेटीला जोडले जाते आणि ही पेटी यंत्रातून आलेल्या आवाजाचे अंकांत, तर जाळ्यातून आलेल्या अंकांचे पुन्हा आवाजात रूपांतर करते. तिच्या ज्या खाचेत साधे दूरध्वनी यंत्र लागते तिला एफएक्सएस, आणि ज्या खाचेत दूरध्वनी केंद्राकडून आलेली तार लागते तिला एफएक्सओ म्हणतात. फायबर जोडणीसोबत ग्राहकाच्या घरी बसवल्या जाणाऱ्या अनेक पेट्यांत हीच सोय आतच केलेली असते, त्यामुळे ज्याने गेटवे हा शब्दही ऐकलेला नाही त्याच्याही भिंतीवर गेटवे असू शकतो.

या पेटीला जो पत्ता लागतो तो आयपी पत्ता. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत तो ३२ द्विमान अंकांचा, म्हणजे ० ते २५५ मधील चार संख्यांचा असतो आणि असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगाला ते पुरणार नाहीत, हे लवकरच दिसू लागले. म्हणून १९९६ मध्ये तीन पट्टे खासगी वापरासाठी मुक्रर झाले; १९२.१६८ ने सुरू होणारे घरोघरचे पत्ते त्यांपैकीच एका पट्ट्यातले असून ते इमारतीच्या आतच चालतात, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना कोणी ओळखत नाही.

पेटीला वीज आणि जाळ्याची वायर मिळाली की ती बहुधा राऊटरकडे पत्ता मागते आणि राऊटर डीएचसीपी या पद्धतीने आपल्या साठ्यातला एक पत्ता तिला काही मुदतीपुरता देतो. प्रश्न इथेच उभा राहतो, कारण पेटीला पडदा नसतो आणि मिळालेला पत्ता कळल्याशिवाय संगणकावरून तिच्यात शिरता येत नाही. यावर उत्पादकांनी काढलेला तोडगा मात्र फार सुंदर आहे: पेटीला जोडलेला फोन उचलून ग्रँडस्ट्रीमच्या अनेक पेट्यांत तीन वेळा, तर लिंक्सिसच्या जुन्या पेट्यांत चार वेळा स्टारचे बटण दाबले की पेटी बोलू लागते आणि पुढचा संकेतांक दाबताच आपला पत्ता वाचून दाखवते. फोन थेट पेटीलाच जोडलेला असल्याने इंटरनेट बंद असतानाही हे चालते. नवा पत्ताही याच बटणांवरून देता येतो. काही पेट्यांत दोन संख्यांमधल्या टिंबासाठी स्टार दाबायचा असतो, तर काहींत टिंबे गाळून सलग बारा अंक भरायचे असतात. हा आवाज बहुधा इंग्रजीच बोलतो, ही त्यातली उणीव.

मुदतीपुरता पत्ता कायम ठेवणे मात्र धोक्याचे असते. वीज गेली, सगळी यंत्रे पुन्हा सुरू झाली आणि पेटीला वेगळाच पत्ता मिळाला, तर जुन्या पत्त्यावर तिला शोधणारी कार्यालयातली इतर साधने, राऊटरमधले नियम आणि दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ हे सगळेच चुकतात. एसटीच्या स्थानकावर गाडी रोज निराळ्या फलाटाला लागावी, तशी ही स्थिती होते. म्हणून पहिल्या मांडणीतच पेटीला पक्का पत्ता द्यावा. राऊटर १०० ते १९९ हे क्रमांक वाटत असेल तर पेटीसाठी १९२.१६८.१.१० सारखा त्याबाहेरचा पत्ता निवडावा, नाहीतर तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही दिला जातो आणि जाळ्यातले निरोप कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे जाऊन फोन मध्येच तुटू लागतात. हा दोष सततचा नसल्याने तो शोधण्यात दिवस जातात. पत्त्यासोबत सबनेट मास्क, म्हणजे आपल्या जाळ्याची हद्द सांगणारी संख्या, भरावी लागते, २५५.२५५.२५५.० असे लिहिले की त्या हद्दीत २५४ यंत्रे मावतात. त्याखालच्या ‘गेटवे’ या रकान्यात पेटीचा स्वतःचा नव्हे, तर राऊटरचा पत्ता अपेक्षित असतो, आणि नवख्यांची सर्वाधिक फसगत या रकान्यात होते.

पत्ता बरोबर असूनही एकाच बाजूचा आवाज ऐकू येणे, ही या क्षेत्रातली सर्वांत चिवट तक्रार आहे. कॉल जुळवणारी सिप ही पद्धत, जिचे आजचे रूप २००२ मध्ये ठरले, आवाज कुठे पाठवावा तो पत्ता निरोपाच्या मजकुरातच लिहिते. पेटीने तिथे आपला खासगी पत्ता लिहिला, तर पलीकडचे यंत्र आवाज अशा ठिकाणी पाठवते जे बाहेरच्या जगात अस्तित्वातच नाही. बाहेरून आपण कोणत्या पत्त्याने दिसतो, हे विचारून घेण्याची स्टन नावाची सोय पेटीत असते ती यासाठीच. याच कारणासाठी मदत करू पाहणारी, पण निरोपातले पत्ते अर्धवट बदलणारी राऊटरमधली ‘सिप एएलजी’ ही सुविधा बंद ठेवणे बहुतेक वेळा हिताचे ठरते. पेटीला थेट सार्वजनिक पत्ता देऊन ही अडचण टाळण्याचा मोह मात्र आवरावा, कारण कारखान्यातला पासवर्ड न बदललेली अशी पेटी सापडली की परके लोक तिच्यावरून परदेशी कॉल करतात आणि बिल मालकाला येते.

जुन्या लँडलाइनला केंद्रातूनच ४८ व्होल्टचा पुरवठा असे, त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चालू राही. नव्या पेटीला ती सवलत नाही. तेव्हा तळेगावात अशी जोडणी घेणाऱ्याने पेटी, राऊटर आणि फायबरची पेटी या तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्याव्यात, आणि तंत्रज्ञ परत जाण्यापूर्वी दिलेला पत्ता, मास्क व राऊटरचा पत्ता त्याच्याकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद पेटीच्या पाठीला चिकटवावा. बदललेला पासवर्ड तेवढा वेगळा, कपाटात ठेवावा.