सतोपंथच्या तळ्यावर जाताना



बद्रीनाथची यात्रा आपल्याकडील पुष्कळ माणसे करतात. पण तेथून पुढे, माणा गावावरून पायी गेल्यावर लागणारे सतोपंथचे तिकोनी तळे फार थोड्यांनी पाहिलेले असते. पांडव याच वाटेने स्वर्गाला निघाले, अशी श्रद्धा आहे. तळ्याची उंची सुमारे ४,६०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) जवळजवळ तिप्पट. वाटेत गाव नाही, दुकान नाही. तंबू, शिधा, अंथरूण-पांघरूण सगळे बरोबर न्यावे लागते.

आम्ही प्रथम गेलो तेव्हा एक बागाईतदार स्नेही सोबत होते. भरले पोते सहज पाठीवर घेणारा माणूस. बद्रीनाथला एकच रात्र काढून आम्ही निघालो. लक्ष्मीवनात त्यांचे डोके दुखू लागले. पण हसतील या लाजेने ते बोलले नाहीत. चक्रतीर्थाच्या मुक्कामी उलट्या सुरू झाल्या. तळे काही तासांवर आले होते. तरी उजाडताच त्यांना घेऊन आम्ही खाली परतलो. खाली उतरल्यावर त्याच दिवशी त्यांनी जेवायला मागितले!

असे का व्हावे? तळ्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. श्वासागणिक प्राणवायू तेवढा कमी मिळतो. तेथे दंडातली ताकद कामाला येत नाही. रोपवाटिकेतील रोप लावणीपूर्वी आपण पाणी कमी करून, ऊन दाखवून कणखर करतो ना? शरीराचेही तसेच आहे. त्याला सवयीला वेळ द्यावा लागतो.

म्हणून जाणाऱ्यांनी एवढे पाळावे:

बद्रीनाथला दोन-तीन रात्री राहावे. पुढे एका दिवसात मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा फार वाढवू नये. डोके दुखले, मळमळले तर लगेच सांगावे व वर चढू नये. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असली तरी खाली उतरवावे. परवानगी काढून, स्थानिक वाटाड्या घेऊनच जावे. पाणी तेथे ८५ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही. लहान कुकर किंवा पोहे, सातू न्यावे. तंबू पाण्यापासून दूर लावावा. तळ्यात साबण लावू नये. कचरा परत आणावा.

पुढच्या वर्षी आम्ही दोघे पुन्हा गेलो. या वेळी बद्रीनाथला तीन रात्री राहिलो, सावकाश चढलो. तळ्याकाठी तंबूत रात्र काढली. बाटलीतले पाणी गोठले होते. सकाळी समोर चौखंब्याचे हिमशिखर उजळले, तेव्हा स्नेही म्हणाले, "साहेब, मागच्या वर्षी परत फिरलो, म्हणून आज हे दिसलं."

तळे कुठे जात नाही, मंडळी. आपण धडधाकट घरी आलो, तर पुन्हा जाता येते.