कुलूपबंद दाराचे गणित

इमारतीला आग लागून माणसे दगावली की चौकशी समिती नेमली जाते आणि बरेचसे खापर लोकांच्या घबराटीवर फोडले जाते. वस्तुतः संकटकाळी माणसे किती वेळात बाहेर पडू शकतील, हा प्रश्न पुष्कळ अंशी गणिताचा आहे आणि त्याचे उत्तर आग लागण्यापूर्वीच काढता येते.

या गणिताचा पाया साधा आहे. दाराच्या उपयुक्त रुंदीच्या प्रत्येक मीटरमधून सेकंदाला सुमारे १.३ माणसे बाहेर पडतात, असे अग्निसुरक्षेचे अभियंते धरून चालतात. चौकटीलगतचे १५ सेंटिमीटर दोन्ही बाजूंनी वजा करावे लागतात. आता ६०० माणसांच्या सभागृहाला १.३ मीटर रुंदीची दोन दारे आहेत असे समजू. ते रिकामे होण्यास जवळजवळ चार मिनिटे लागतील; एका दाराला कुलूप असेल, तर आठ. धूर तेवढा काळ थांबत नाही.

मग घाई केली तर? डिर्क हेल्बिंग व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये या प्रश्नाचे उत्तर मांडले. गर्दीतील प्रत्येक व्यक्तीची गती आणि परस्परांचा रेटा समीकरणांत बसवून त्यांनी संगणकावर दाखविले, की विशिष्ट मर्यादेपलीकडे घाई वाढली म्हणजे दाराशी माणसांची कमान अडकते आणि बाहेर पडण्याचा वेग उलट मंदावतो.

माणूस म्हणजे वाळूचा कण नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. तो सोबतच्यांना शोधतो, धोका खरा की खोटा या विचारात वेळ दवडतो आणि आला त्याच वाटेने परतू पाहतो. परंतु या आक्षेपाने गणित खोटे ठरत नाही. काढलेला वेळ हा किमान वेळ आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात ५९ जण मृत्युमुखी पडले. बाल्कनीतून बाहेर पडण्याची वाट जादा खुर्च्यांनी अडली होती. तेथे प्रेक्षकांच्या धीराची उणीव नव्हती, वाटेची होती.

आपली शाळा, कचेरी वा वसतिगृह यांचे मागचे दार चोरीच्या भयाने बंद असते, जिन्याखाली मोडकी बाके रचलेली असतात. हे गणित करण्यास संगणक लागत नाही. मोजपट्टी आणि घड्याळ पुरे. उत्तर नकोसे आले, तर कुलूप काढण्याचे धैर्य मात्र हवे.