आईच्या माघारी ‘स्मृतिचित्रे’

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई टिळक गेल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा चौथा भाग अपुरा होता. आधीचे तीन भाग १९३४ पासून लागोपाठ बाहेर पडले होते. चौथा पुरा केला तो त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी. ज्या पुस्तकात आपण ‘दत्तू’ म्हणून लहानाचे मोठे झालो, त्याचाच शेवट आईच्या माघारी लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली.

मुळात हे पुस्तक झाले तेच देवदत्तांमुळे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलाने आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. लग्नाआधी अक्षरओळखही नसलेल्या, नवऱ्याच्या हाताखाली अडखळत शिकलेल्या या बाईने कागद पुढे ओढला, आणि चरित्रासाठी मागितलेला मजकूर हाच मराठीतला अव्वल ग्रंथ ठरला. नवऱ्याचा उल्लेख त्या सरळ ‘टिळक’ असा करतात. त्यांची कविता, त्यांचा दानशूरपणा, न सांगता घरातून निघून जाण्याची त्यांची सवय, सगळे एकाच दमात सांगतात. माया आणि राग वेगवेगळे काढून दाखवत बसत नाहीत.

लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायची! मीठ धुतल्यावर हाती काय उरत असेल, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. लक्ष्मीबाईंनी हा प्रसंग असा रंगवला आहे की वाचणारा खदखदून हसतो. पण त्या घरातल्या बायकापोरांचे काय हाल झाले असतील, हे त्या हसण्यातूनच कळत जाते.

अशा घरातल्या मुलीचा नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही काळ बहिणीच्या आधाराने पंढरपूरला राहिल्या. मग नवऱ्याजवळ गेल्या, तरी चूल वेगळी ठेवली. जातीचा विटाळ त्यांच्या मनातून एका दिवसात गेला नाही. तो जाताना किती चिवटपणे अडून बसला, हे त्यांनी लपवले नाही, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग हाच. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळाने पोरकी झालेली मुले पुढे त्यांच्याच घरात जेवूखाऊ लागली. तेव्हा कुणाच्या हातचे चालते आणि कुणाच्या नाही, हा प्रश्नच उरला नव्हता.

टिळकांच्या माघारी लक्ष्मीबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. ‘ख्रिस्तायन’ हे टिळकांचे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले होते. त्याला ६४ अध्यायांची जोड त्यांनी दिली आणि शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला. बापाने मांडलेला डाव आईने उचलला, मुलाने तडीस नेला. या घरात गेलेल्या माणसाचे श्राद्ध असे होत असे.

देवदत्तांनंतर ही कामगिरी नातवाकडे आली. अशोक देवदत्त टिळक यांनी आजीचे चारही भाग एकत्र करून ‘संपूर्ण स्मृतिचित्रे’ १९८९ मध्ये संपादित केली. नातवाने आजीविषयी हळवे चार शब्द लिहून मोकळे व्हावे, अशी आपल्याकडची रीत. अशोकरावांनी आजीचा शब्दन् शब्द नीट राहावा यासाठी खपणे पसंत केले, याचे मोठेपण आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

एव्हाना लक्ष्मीबाई टिळकांच्या घरापुरत्या राहिल्या नव्हत्या. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी ‘स्मृतिचित्रे’ चित्रित केले आणि सुहास जोशी यांच्या रूपात त्या मराठी घराघरांत दिसल्या. जोसेफीन इंक्स्टर यांचे इंग्रजी भाषांतर १९५० मध्येच निघाले होते. शांता गोखले यांचे नवे भाषांतर २०१७ मध्ये आले. आणि अजूनही कुठल्याशा वाचनालयात नव्याने हे पुस्तक घेतलेली मुलगी पहिल्या प्रकरणातल्या त्या धुतलेल्या मिठाची गोष्ट घरी जाऊन आईला सांगतेच.