बहिःस्थ विद्यार्थी आणि विद्यापीठीय ग्रंथालय : मराठी साहित्याच्या अभ्यासाच्या संदर्भात

साहित्याच्या अभ्यासात अभ्यासाचा विषय म्हणजे खुद्द साहित्यकृती होय. इतिहासाचा वा अर्थशास्त्राचा विद्यार्थी एखाद्या चांगल्या पाठ्यपुस्तकाच्या आधारे विषयात बराच पुढे जाऊ शकतो. ‘रणांगण’ न वाचलेल्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र त्या कादंबरीविषयीचे कितीही नेटके टिपण दिले, तरी तिचा अभ्यास घडला असे म्हणता येत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा उच्चारही अनावश्यक वाटावा. परंतु मराठी घेऊन बहिःस्थ अथवा दूरशिक्षण पद्धतीने एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमकी तीच दुर्लक्षिली जाते.

भारतात विद्यापीठीय पातळीवरील पत्रद्वारा शिक्षणाची सुरुवात १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठात झाली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये हा मार्ग स्वीकारला. पुढे १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या साऱ्या व्यवस्थांमध्ये अध्यापकाच्या अनुपस्थितीची भरपाई कशी करावी याचा विचार बारकाईने झालेला दिसतो. स्वयं-अध्ययन पुस्तिका, संपर्कसत्रे, स्वाध्याय ही त्याचीच फळे आहेत. ग्रंथालयाच्या अनुपस्थितीचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. परिणामी पुस्तिकेकडे दुहेरी काम आले. तिने अध्यापकाची जागा घ्यावयाची होती. ती ग्रंथाचीही जागा घेऊन बसली. कथानकाचा सारांश, व्यक्तिरेखांची वैशिष्ट्ये, दोन-चार समीक्षकांची मते एवढ्या शिदोरीवर परीक्षा उत्तीर्ण होता येते. कृती वाचण्यापूर्वीच तिच्यावरील निर्णय हाती पडतात आणि पुष्कळदा ती वाचण्याचा प्रसंगच येत नाही. यांतील अनेक विद्यार्थी शिक्षक असतात वा पुढे होतात. त्यांच्या वर्गात साहित्यकृतीऐवजी तिच्याविषयीची उत्तरे शिकविली जाण्याचा धोका म्हणूनच गंभीर मानावयास हवा.

अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००८ मध्ये दूरशिक्षणाच्या ग्रंथालयसेवेसंबंधी जे मानदंड स्वीकारले, त्यांच्या मुळाशी एक तत्त्व आहे : विद्यार्थी कोठेही राहत असो, ज्या संस्थेत त्याने नाव नोंदविले तिच्या ग्रंथालयसेवेवर त्याचा हक्क आहे. हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करणाऱ्या किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्या वाचकाच्या बाबतीत त्या वेळात एस.टी.चा प्रवासही मोजावा लागतो. एका पुस्तकासाठी तालुक्याच्या गावाहून विद्यापीठाच्या शहरी जाणे म्हणजे एका दिवसाची रजा, जाण्यायेण्याचे भाडे आणि पुस्तक ‘बाहेर गेले आहे’ हे ऐकून परतण्याची शक्यता. ग्रंथालयाची सेवा किती वाचक दारात आले यावर मोजली, तर हा वाचक त्या मोजणीत कधीच दिसणार नाही. ग्रंथ किती जणांपर्यंत पोहोचला, हे येथे माप असावयास हवे.

काही अडचणी इतक्या साध्या आहेत की त्यांची चर्चा करणेही जिवावर यावे. संपर्कसत्रे बहुधा रविवारी वा सुट्टीच्या दिवशी भरतात आणि ज्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र असते, तेथील ग्रंथालय त्याच दिवशी बंद असते. सत्राच्या दिवशी दोन तास देवघेव विभाग उघडा ठेवणे आणि बदली सुट्टी देणे हा प्रशासकीय प्रश्न आहे. त्यासाठी नव्या इमारतीची वा संगणकाची गरज नाही. सदस्यत्वाचा नियम नियमित विद्यार्थ्यांपुरताच असेल, तर तोही एका ठरावाने बदलता येतो.

ग्रंथ टपालाने पाठविणे हा यापुढचा टप्पा. नोंदणीकृत बुकपोस्टची जुनी, स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांइतकीच ग्रंथालयांचीही पंचाईत झाली. मे २०२५ पासून डाक विभागाने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. तिचे आरंभीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे होते, आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या अभ्यासक्रमातील पुस्तके तीत बसतात. एकेक पुस्तक धाडण्यापेक्षा एका अभ्यासपत्रिकेतील नेमलेल्या कृतींचा संच अभ्यासकेंद्राकडे सत्राच्या आरंभी पाठविणे अधिक किफायतशीर ठरेल. जेथे केंद्र दूर आहे तेथे गावातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय हा दुवा होऊ शकतो. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जे जाळे उभे राहिले, त्याची आणि विद्यापीठीय ग्रंथालयांची या कामी क्वचितच गाठ पडते. विद्यापीठाच्या ग्रंथपालाने हमीपत्र द्यावे आणि गावच्या ग्रंथालयाने आपल्या नोंदवहीवर पुस्तक द्यावे, इतकी साधी आंतर-ग्रंथालयीन देवघेव पुरेशी आहे. पुस्तक गहाळ झाल्यास भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र आधीच लेखी मिटविलेला बरा. अशा योजना बहुधा त्याच खडकावर फुटतात.

परंतु नेमलेली कृतीच बाजारात उपलब्ध नसेल तर? अभ्यासमंडळे पुस्तके नेमताना ग्रंथपालाचा सल्ला क्वचितच घेतात. येथे स्वामित्वहक्काच्या कायद्याची माहिती उपयोगी पडते. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. मर्ढेकरांचे निधन १९५६ मधले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणून ‘फकिरा’ २०२९ अखेरपर्यंत संरक्षित राहील. मुक्त झालेल्या कृतींच्या जुन्या प्रती ग्रंथालयाने स्वतः छायांकित करून विद्यार्थ्यांना द्याव्यात. मात्र अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना व टिपा यांचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नये. संरक्षित लेखनाबाबत दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणी २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, तो लक्षणीय आहे. अध्यापनाच्या प्रयोजनाला आवश्यक अशा छायाप्रती काढणे हा हक्कभंग ठरत नाही, असा त्याचा आशय. तरीही दुकानात सहज मिळणारी कादंबरी समग्र छायांकित करून वाटणे उचित नव्हे. मराठी प्रकाशनव्यवहार मुळात लहान आहे. त्याच्या मुळावर येऊन साहित्याचे शिक्षण होणार नाही.

ग्रंथ हाती आला तरी तो कोणता, हा प्रश्न उरतोच. मध्ययुगीन वाङ्मयाच्या बाबतीत तो विशेष जाचक आहे. पुस्तिकेत ज्ञानेश्वरीतील ओवीचा क्रमांक एका प्रतीवरून दिलेला असतो, विद्यार्थ्यापाशी पारायणाची प्रत असते आणि १९०९ ची राजवाडे प्रत त्याने पाहिलेलीही नसते. ‘लीळाचरित्रा’ची नेने यांनी संपादिलेली आवृत्ती आणि कोलते यांची १९७८ ची आवृत्ती यांत लीळांची मांडणी सारखी नाही. वर्गातील विद्यार्थी हात वर करून विचारतो. बहिःस्थ विद्यार्थी आपलेच काही चुकले असे समजून गप्प बसतो. प्रत्येक अभ्यासपत्रिकेसाठी ग्रंथालयाने विभागातील अध्यापकाच्या साहाय्याने एक-दोन पानांचे आवृत्तीविषयक टिपण तयार करून पुस्तिकेसोबत पाठविले, तर हा घोळ पुष्कळसा मिटेल.

तालिकेची कथा याहून बिकट. संगणकीकरणाच्या पहिल्या लाटेत अनेक ग्रंथालयांनी मराठी नोंदी रोमन लिपीत किंवा विशिष्ट टंकांत केल्या. पुढे प्रणाली बदलल्या, नोंदी मात्र तशाच राहिल्या. रोमन लिपीत ‘केशवसुत’ हे नाव तीन-चार प्रकारांनी लिहिलेले आढळू शकते. त्यात टोपणनावांची भर. चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू, वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, ठोमरे आणि बालकवी, गोडघाटे आणि ग्रेस यांच्या नोंदी परस्परांना जोडलेल्या नसतील, तर घरी बसून शोधणाऱ्याला अर्धे पुस्तकभांडार दिसतच नाही. ग्रंथालयात समोर उभ्या असलेल्या वाचकाला सेवक तोंडी सांगतो. दूरस्थ वाचकाला तालिकेनेच सांगावे लागते. शं. ग. दाते यांनी एकहाती केलेल्या ग्रंथसूचीत १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांचा जो आधार सिद्ध झाला आहे, तो हाताशी असताना ही दुरुस्ती अशक्य म्हणता येणार नाही. काम कंटाळवाणे आहे, एवढेच.

अंकीय साधनांविषयीचा उत्साह या संदर्भात थोडा आवरता घ्यावा लागतो. महाविद्यालयांना ‘एन-लिस्ट’द्वारे मिळणारी नियतकालिके व ग्रंथ यांत इंग्रजीचेच प्राबल्य आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला खरा लाभ होतो तो मराठी विश्वकोशाच्या महाजालावरील नोंदींचा, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने विनामूल्य दिलेल्या ग्रंथांचा आणि ‘शोधगंगे’वरील प्रबंधांचा. प्रबंधांबाबत सावधगिरी हवी. त्यांतील उताऱ्यांवर उतारे रचण्याची सवय पुस्तिका पाठ करण्याहून बरी नव्हे. छायांकित जुने ग्रंथ म्हणजे बहुधा नुसत्या प्रतिमा असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चारशे पानांची कादंबरी वाचणे हे व्रतच म्हणावे लागेल.

याउलट नियतकालिकांतील लेख हा दूरस्थ सेवेसाठी सर्वांत सोयीचा ऐवज आहे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. ‘आलोचना’, ‘अनुष्टुभ्’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ यांचे जुने अंक मोजक्या ठिकाणीच सलग मिळतात. दहा-बारा पानांचा लेख व्यक्तिगत अभ्यासासाठी उतरवून पाठविणे कायद्यातही बसते आणि खर्चातही. त्यासाठी हवा तो मागणीचा एक छापील नमुना, विद्यार्थ्याला ठाऊक असलेला एक दूरध्वनी क्रमांक आणि ‘सत्यकथेतला मर्ढेकरांवरचा तो लेख’ एवढ्या खुणेवरून नेमका अंक काढून देऊ शकेल असा, मराठी वाङ्मयाची जाण असलेला संदर्भसेवक.