वास कुठून, हे नाकाला विचारू नका

एमजीबी ही ब्रिटिश बनावटीची छोटी स्पोर्ट्‌स कार. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि हौशी लोक आजही त्या शोधून शोधून विकत घेतात. गाडी घरी आली की नव्या मालकाला बऱ्याचदा पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे पेट्रोलचा वास. विकणारा म्हणतो, जुन्या गाडीला एवढा वास यायचाच. मालकाला ते पटत नाही, म्हणून तो डिकीत डोकं घालतो, बॉनेट उघडतो आणि जिथे वास उग्र वाटेल तिथली रबरी नळी बदलून मोकळा होतो. वास मात्र हटत नाही. माझ्या मते दोघांचंही चुकतं. हा वास म्हणजे गाडीने दिलेली पक्की माहिती आहे, पण ती ‘कुठे येतो’ यापेक्षा ‘केव्हा येतो’ या प्रश्नातून हाती लागते.

याचं कारण नाकाच्या आणि वाफेच्या स्वभावात आहे. पेट्रोल हा एक पदार्थ नाही. साधारण चार ते बारा कार्बन अणू असलेल्या शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. त्यातले ब्यूटेन, पेंटेन असे हलके घटक आधी उडतात. हवेच्या दहा लाख भागांत या वाफेचा एक भागही नसला तरी माणसाच्या नाकाला ती कळते. पेट घ्यायला हीच वाफ सुमारे 1.4 टक्के, म्हणजे दहा लाखांत 14 हजार भाग लागते. म्हणजे ‘वास येतो की नाही’ हे सांगण्यात नाक अत्यंत तरबेज आहे. दिशा सांगण्यात मात्र ते कच्चं. काही मिनिटांतच ते त्या वासाला सरावतं आणि मग गळतीच्या शेजारी उभं राहूनही काही जाणवत नाही. त्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती जिथून निघते तिथे न थांबता खाली उतरते आणि जमिनीलगत सरकते. गाडी वेगात असली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि टप उघडा असेल तर मागची हवा वळून बसणाऱ्यांच्या अंगावर येते. तोंडावर आलेला वास टाकीचा असू शकतो, तसा सायलेन्सरमधून निघालेल्या न जळलेल्या पेट्रोलचाही.

वेळ मात्र फसवत नाही. टाकी काठोकाठ भरल्यावर वास सुटतो आणि अर्धी रिकामी झाली की जातो, असं असेल तर बॉनेट उघडायची गरजच नाही. एमजीबीची टाकी डिकीच्या तळाला खालून टेकवून बसवलेली असते. दोन पत्र्यांच्या त्या फटीत चिखल आणि ओल वर्षानुवर्षं अडकून राहते आणि टाकी वरच्या अंगाने गंजते. खालून टॉर्च मारून पाहणाऱ्याला टाकी ठणठणीत दिसते. सुईच्या टोकाएवढी भोकं असतात ती माथ्यावर, टाकी उतरवल्याशिवाय न दिसणारी. पेट्रोल तिथवर चढलं किंवा वळणावर हिंदकळलं की ते बाहेर येतं. भरण्याच्या तोंडाशी असलेली जाड रबरी नळी चिरली असेल तरी लक्षण हेच, म्हणून आधी ती पाहावी. दुसरी वेळ, किल्ली फिरवली आहे पण इंजिन सुरू केलेलं नाही. या गाडीतला एसयू बनावटीचा विजेचा पंप तेव्हा टकटक टकटक करतो आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाट्या भरल्या की गप्प होतो. तो दर काही सेकंदांनी पुन्हा टक् करत राहिला, तर एक तर पेट्रोल कुठेतरी निसटतंय किंवा पंपाची झडप नीट बसत नाही. वाटीच्या ओव्हरफ्लो नळीच्या टोकाखाली पांढरा कागद धरला की निम्मा उलगडा होतो: कागद ओला झाला तर फ्लोटची सुई अडकली आहे. (आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनी गाडीत पंप इंजिनावर चालणारा, त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं, म्हणून तिथे आधी डिपस्टिक हुंगावी.)

यावर आक्षेप येईल की जुन्या गाड्या मुळातच वाफ बाहेर सोडायच्या. खरं आहे. एमजीबीच्या इंजिनात कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या बरोबर वर आहेत. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, खालची धग वर चढते आणि वाटीतलं पेट्रोल उकळू लागतं. कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की अशा हायड्रोकार्बनांपासून सूर्यप्रकाशात लॉस एंजलिसचं झोंबरं धुरकं तयार होतं. त्याच ओघात कॅलिफोर्नियाने 1970च्या मॉडेलपासून आणि पुढच्या वर्षी साऱ्या अमेरिकेने टाकीची वाफ अडवणं बंधनकारक केलं, आणि तिकडे जाणाऱ्या एमजीबींना वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा जोडला जाऊ लागला. पण या मूळच्या वासालाही वेळेचं बंधन असतं: तो गरम गाडी थांबल्यावर येतो आणि थोड्या वेळाने विरतो. रात्रभर थंड उभ्या असलेल्या गाडीशी सकाळीही वास दरवळत असेल, तर त्याला ‘जुनेपणा’ म्हणणं ही निव्वळ पळवाट आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढा तपास कशाला, सगळ्या नळ्या बदलून टाका. नळ्या बदलाव्यातच, कारण पेट्रोल आता ते राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे 2025मध्ये हे प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, त्यातली लवचीकता राखणारी द्रव्यं निघून जातात आणि गाडी बरेच दिवस उभी राहून नळी वाळली की तिला भेगा पडतात. गंमत अशी की इथेनॉल एकटं असताना पेट्रोलपेक्षा कमी उडतं, पण थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब उलट वाढतो. शिवाय एक थेंब न गळताही वाफ नळीच्या भिंतीतून पाझरू शकते. म्हणूनच आतून फ्लुओरोइलॅस्टोमरचं अस्तर असलेली, ‘आर-9’ दर्जाची नळी घ्यावी. नुसतं ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मिळणारी नको. पण टाकीचा माथा गंजलेला असेल तर जगातली उत्तम नळीही वास थांबवणार नाही, आणि नळ्या बदलल्याच्या समाधानात खरी गळती राहून जाईल.

गॅस मोजणारं यंत्र आणलं तरी ते वाफ किती हे सांगेल; ती सरकत कुठून आली, हे नाही. त्यापेक्षा नळ्यांच्या जोडांवर वाळलेल्या पेट्रोलचे तपकिरी डाग शोधा, जोडाखाली कागद ठेवा आणि कोणता कधी भिजतो ते लिहून ठेवा. त्याआधी बॅटरीची तार काढा. पंपाची चाचणी करायची असेल तर ती उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून करा. गळती सापडून बंद होईपर्यंत गाडी बंद गॅरेजमध्ये उभी करू नका. निदान जिथे गॅस गीझर किंवा इन्व्हर्टर आहे, तिथे तर नकोच.