फरशी गार नसते, पाय गार पडतात

पुणे जिल्ह्यातल्या निमोणे, न्हावरे या भागात नवं घर बांधणाऱ्यांकडून एक प्रश्न हल्ली वारंवार ऐकू येतो. मुलाकडे परदेशी जाऊन आलेले आईवडील तिथली उबदार बाथरूम बघून येतात आणि विचारतात, “टाइल्स मुळातच गार. खाली हीटिंगची वायर टाकून घ्यावी का?” या प्रश्नाचा पायाच चुकीचा आहे, आणि कितीदा सांगितलं तरी तो समज जात नाही.

फरशी खोलीतल्या इतर वस्तूंपेक्षा गार नसते. रात्रभर बंद असलेल्या खोलीत पहाटे थर्मामीटर फरशीला टेकवून बघा (तापाचा नको, तो ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही), मग शेजारच्या सतरंजीला लावा. आकडे जवळपास सारखेच येतील. फरक आहे तो उष्णता वाहून नेण्याचा. तळपाय साधारण ३० अंशांचा असतो. त्यातली उष्णता टाइल सुती सतरंजीपेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेते. मातीची सारवलेली जमीन सच्छिद्र असते, ती सावकाश ओढते, म्हणून आजीच्या घरातली जमीन ‘उबदार’ वाटायची.

उलट आपल्याकडे जमीन हिवाळ्यात हवेपेक्षा उबदारच असते. जानेवारीत पहाटे उसाला दारं धरणाऱ्याला विचारा, विहिरीचं पाणी पायाला कोमट लागतं की नाही! काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास हवेच्या वार्षिक सरासरीइतकं, म्हणजे पुणे जिल्ह्यात २५ अंशांच्या आसपास राहतं. तळमजल्याची फरशी त्याच जमिनीवर बसलेली असते. कोरियातल्या सोलमध्ये जानेवारीची सरासरी शून्याखाली जाते, म्हणून कोरियन लोकांनी चुलीचा धूर जमिनीखालून फिरवणारी ‘ओंडोल’ पद्धत शेकडो वर्षं वापरली. तिथली ती गरज होती. इमारतींतल्या सुखसोयींसाठी मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘ॲशरे’ संस्थेचं मानक क्र. ५५ पायात हलकी पादत्राणं धरून फरशीचं योग्य तापमान १९ ते २९ अंश सांगतं. आधी आपली फरशी मोजा, मग वायरचं बोला.

बाकीचे समज थोडक्यात.

‘गार फरशीमुळे संधिवात होतो.’ होत नाही. सांध्यातली कूर्चा झिजणं किंवा शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवरच उलटणं, ही त्याची मुख्य कारणं. थंडीनं असलेलं दुखणं जास्त जाणवतं, एवढंच.

‘वीज अगदी कमी लागते.’ चौरस मीटरला १५० वॉट धरले, तर १० बाय १२ फुटांच्या खोलीतल्या ९ चौरस मीटर भागाला १३५० वॉट होतात. थर्मोस्टॅटनं मध्ये बंद केलं नाही, तर ६ तासांत ८ युनिट. वायरखाली इन्सुलेशन नसेल तर त्यातली बरीच उष्णता मुरमात जाते.

‘वायर जास्त झाली तर कापायची.’ कधीही नाही! निम्मी कापली की रोध निम्मा होतो आणि उरलेल्या प्रत्येक मीटरवर चौपट उष्णता तयार होते. वायर जळते, आणि दुरुस्तीला फरशी फोडावी लागते.

‘ओल्या फरशीतून शॉक बसणारच.’ चांगल्या केबलला इन्सुलेशनवर धातूचं कवच असतं. पण ते अर्थिंगला जोडलेलं असेल आणि गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवलेली असेल, तरच ते वाचवतं.

हा शेवटचा मुद्दा वायर न टाकणाऱ्यांनाही लागू आहे. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि गीझर, मोटर, वॉशिंग मशीन अर्थिंगच्याच भरवशावर चालू असतात. पायांसाठी सतरंजी किंवा घोंगडी पुरते. वायरसाठी बाजूला काढलेले पैसे आधी अर्थिंग तपासून घेण्यात आणि आरसीसीबीत घाला. थंडी दोन-अडीच महिने असते, शॉकचा धोका बारा महिने.